दर सीझनला बोटीचा टॉप स्पीड पडतो? प्रॉपेलर बदलण्याआधी तळाला सरळ पट्टी लावून बघा

आधी दुखणं काय होतं ते सांगतो. १९ फुटी व्ही तळाची फायबरची बोट, मागं २०० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, दोन माणसं आणि अर्धी टाकी पेट्रोल धरून वजन साधारण १२०० किलो. सीझनच्या सुरुवातीला ९२ पर्यंत जायची, अर्ध्यावर ८८, आणि शेवटाला ८४ किमी/तासाच्या वर जायला तयारच नाही. मग मी काहीतरी करायचो, दोन-चार किमी परत मिळायचे, आणि दोन-तीन महिन्यांत जैसे थे. हे तीन सीझन चाललं.

उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील: तळाला हुक (म्हणजे मागच्या बाजूला खळगी) पडला होता, आणि तो ट्रेलर पाडत होता. दुसऱ्या सीझनला मी तो हुक एका वर्कशॉपमधून भरून घेतला, स्पीड परत आला, मी मिशीवर ताव मारत फिरलो, आणि ट्रेलर तसाच ठेवला, त्यामुळं वर्षभरात तो परत पडला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात तसलाच प्रकार. आता हे सगळं सविस्तर, कारण तुमच्या बोटीचं कारण वेगळं असू शकतं आणि ते कसं ओळखायचं हाच खरा कामाचा भाग आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. डॅशबोर्डचा जुना स्पीडोमीटर विसरा, त्याच्या नळीत कचरा अडकला की तो काहीही दाखवतो, जीपीएसच घ्या. एकाच पट्ट्यात जाताना आणि येताना असे दोन रन करा आणि सरासरी घ्या, नाहीतर प्रवाह आणि वारा तुम्हाला खोटं बक्षीस देतात. पेट्रोल तेवढंच, माणसं तीच, बसायची जागा तीच. आणि प्रत्येक रनला स्पीडसोबत आरपीएम लिहा. नुसता स्पीड लिहिलेली वही काही कामाची नाही, माझी पहिली दोन वर्षं अशीच वाया गेली.

आता या दोन आकड्यांतून स्लिप, म्हणजे प्रॉप पाण्यात किती टक्के घसरतोय, ते काढायचं. सूत्र साधं आहे: आरपीएम भागिले गिअर रेशो (प्रॉपच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या), गुणिले प्रॉपचा पिच (एका फेरीत तो किती पुढं जायला हवा ते अंतर) इंचात, गुणिले ०.००१५२४, की प्रॉप घट्ट पदार्थात स्क्रूसारखा फिरला असता तर किती किमी/तास गेला असता ते मिळतं. माझं उदाहरण घ्या, ५६०० आरपीएम, रेशो १.७५, पिच २१, म्हणजे १०२.४. जीपीएस सांगतो ८४. म्हणजे १८ टक्के स्लिप. चांगल्या सेट केलेल्या व्ही तळाच्या बोटीला १० ते १५ टक्के चालते, फार हलक्या आणि फास्ट बोटी १० च्याही खाली जातात. १८ म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. आणि उत्तर शून्य किंवा उणे आलं तर आनंदून जाऊ नका, टॅकोमीटरचं (आरपीएमच्या मीटरचं) सेटिंग चुकलंय किंवा प्रॉपवर छापलेला पिच खरा राहिलेला नाही.

आता आकडे कसे वाचायचे ते सांगतो. आरपीएम वर आणि स्पीड खाली असेल तर ताकद प्रॉपपाशी वाया जातेय, मग पाती बघा, कड वाकलीय का, पुढच्या तळातून हवेचे बुडबुडे पात्यात येतायत का, इंजिन फार वर बसलंय का. प्रॉपच्या आत रबरचा हब असतो तो घसरतो कधीकधी, त्यासाठी हबपासून बाहेरच्या नळीपर्यंत मार्करनं एक सरळ रेघ मारायची, जोरात एक फेरी मारून यायची, रेघ तुटून दोन तुकडे बाजूला सरकले की समजायचं हब गेला. सोनारचा ट्रान्सड्यूसर कोणी प्रॉपच्या सरळ पुढं लावला असेल तर तोही हवा ओढतो, हे फारच कॉमन आहे आणि लोक महिनोन्महिने प्रॉप बदलत बसतात. (हवा वरून ओढली गेली तर ते व्हेंटिलेशन, आणि दाब पडून पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे झाले तर कॅव्हिटेशन. सगळे दोन्हीला कॅव्हिटेशनच म्हणतात, म्हणूत बापडे, पण इलाज वेगळे आहेत.)

आरपीएम पण खाली आणि स्पीड पण खाली, असं असेल तर एकतर इंजिन पूर्ण ताकद देत नाहीये, नाहीतर बोट जड झालीय, नाहीतर तळ पाण्याला चिकटतोय. माझं हे होतं, ५८०० वरून ५६०० वर आलेलं, आणि सोबत स्लिप पण वाढलेली, कारण रोध वाढला की प्रॉपवर भार वाढतो आणि तो जास्त घसरतो. इथं मी इंजिनाच्या मागं लागलो. मिस्त्रींनी कंप्रेशन बघितलं, थ्रॉटल केबल पूर्ण उघडतेय का बघितलं (हे तुम्ही स्वतः बघा, दोन मिनिटांचं काम आहे, अर्ध्या केसेस इथंच मिटतात), पेट्रोलचं प्रेशर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, इंजिन एकदम टकाटक आहे, तुम्ही खाली बघा." मी ऐकलं नाही, नवीन प्रॉप घेतला. स्टेनलेसचा, सुंदर. तीन किमी वाढले, कारण जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या होत्या. सीझन संपेपर्यंत परत ८४.

वजनाचंही बघून घेतलं. जॉर्ज क्राउच नावाचे अमेरिकन डिझायनर होते, १९२४ ची बेबी बूटलेगर त्यांचीच, त्यांच्या नावानं एक फार कामाचं सूत्र आहे: हॉर्सपॉवर भागिले वजन पौंडात, त्याचं वर्गमूळ, गुणिले एक आकडा, की स्पीड मैलात. तो आकडा साध्या रनअबाउटला (छोट्या फिरायच्या बोटीला) १५० च्या आसपास, फास्ट बोटीला १९०, रेसच्या बोटीला २१० वगैरे धरतात. वर्गमुळामुळं होतं असं की वजन १० टक्के कमी केलं तर स्पीड साधारण ५ टक्के वाढतो, आणि स्पीड १० टक्के वाढवायला ताकद २१ टक्के वाढवावी लागते. म्हणजे २०० चं इंजिन काढून २४० चं लावा, खर्च बघा, वजन बघा, आणि बोटीच्या प्लेटवर लिहिलेली इंजिनाची कमाल मर्यादा ओलांडली ते वेगळंच. मी बोटीतून ६० किलो सामान काढलं, दोन जास्तीचे अँकर, जुनी बॅटरी, कुठल्यातरी पिकनिकचे लोखंडी पाईप, दोनेक किमी मिळाले. गणिताप्रमाणंच. मजल्याखालचा फोम पाणी पिऊन बसला असेल तर शंभर-दीडशे किलो सहज लपलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळं एकदा बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्यावी आणि नंतर रिकामा ट्रेलर न्यावा. माझा फोम कोरडा निघाला. माझा आकडा ८४ ला १९० येत होता. वाईट नाही म्हणतील लोक, पण हीच बोट आधी ९२ जायची ना.

आता तळाकडं येतो. खरा इशारा बोट आधीपासून देत होती, मला वाचता आला नाही. नॉर्मल बोटीला फुल थ्रॉटलवर इंजिन हळूहळू ट्रिम आउट करत (खालचं टोक मागं-वर तिरपं करत) गेलं की नाक उचलतं, आरपीएम वाढतो, स्पीड वाढतो, आणि एका ठिकाणी बोट वर-खाली डोलायला लागते, तिथून थोडं परत यायचं. माझ्या बोटीला ट्रिम आउट केलं की आरपीएम वाढायचा पण नाक जागचं हलायचं नाही, आणि मग एकदम प्रॉप हवा पकडून घों करायचा. दुसऱ्या बोटीतून मित्रानं बाजूनं व्हिडिओ काढला त्यात दिसलं की तळापासून पाण्याचे फवारे सुटतात ते माझ्या सीटच्याही पुढून. म्हणजे बोटीचा अर्ध्याहून जास्त तळ पाण्यात लोळतोय. एवढ्या स्पीडला मागचे दीड-दोन मीटरच ओले असायला हवेत.

असं का होतं? प्लेनिंग बोट (वेगात पाण्यावर उचलून घसरत जाणारी) पाण्यावर किंचित नाक वर करून चालते, अमेरिकन इंजिनिअर डॅनिएल सॅवित्स्की यांनी १९६४ साली प्लेनिंग तळाचं जे गणित मांडलं त्यातून दिसतं की हा कोन ४-५ अंशांच्या आसपास असला की रोध सगळ्यात कमी. कोन त्याहून जास्त झाला तर बोट पाणी पुढं ढकलत बसते, कमी झाला तर ओला भाग लांबतो आणि घर्षण वाढतं. हुक म्हणजे ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या) जरा पुढं तळाला पडलेली खळगी, त्यामुळं शेवटची कड खाली झुकल्यासारखी होते. ती कायम खाली सोडलेल्या ट्रिम टॅबसारखं (मागं लावलेल्या हलत्या पट्टीसारखं) काम करते: मागचा भाग उचलते, नाक दाबते, कोन दोन-अडीच अंशांवर. गंमत म्हणजे हुकवाली बोट प्लेनवर पटकन येते, स्थिर चालते, त्यामुळं माणसाला वाटतं वा काय मस्त सेट झालीय. उलट दोष रॉकर, म्हणजे मागचा तळ पोटासारखा फुगीर, त्याला बोट थोड्याशा ट्रिमलाच उड्या मारायला लागते आणि पुढं वजन टाकलं तरी पूर्ण थांबत नाही.

मोजायची पद्धत सांगतो, इथं घाई करू नका. दोन मीटरची चांगली सरळ पट्टी लागते, मी अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी ट्यूब वापरली, आणि ती सरळ आहे का हे आधी बघा, काचेवर ठेवून एकदा आणि उलटी करून एकदा. ट्रान्समच्या कडेपासून पुढं, कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) समांतर, दोन्ही बाजूंना, स्ट्रेकच्या (तळावरच्या लांब उंचवट्यांच्या) मधल्या सपाट जागांत लावायची आणि फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालायचा. आणि हे दोनदा करायचं, एकदा बोट ट्रेलरवर असताना जिथं हात पोचेल तिथं, आणि एकदा बोट पट्ट्यांनी उचलून किंवा कील आणि ट्रान्समखाली ठोकळे देऊन रात्रभर तशी ठेवल्यावर. ही दोन मापं वेगळी आली तर चोर सापडला. माझी: ट्रेलरवर डावीकडं ५ मिमी, उजवीकडं ३.५, आणि ठोकळ्यांवर रात्र काढल्यावर ३.५ आणि २.५. तळ स्वतःहून दीड मिमी उघडला! फायबर म्हणजे दगड नाही, सतत एका जागी भार दिला की वाकतो, थोडा परत येतो, बाकीचा तसाच राहतो. डाव्या-उजव्या बाजूतला फरक पण महत्त्वाचा, माझी बोट स्पीडला किंचित उजवीकडं कलायची ती का, ते इथं कळलं.

ट्रेलरखाली झोपून बघितलं तर बंक (बोट ज्यावर टेकते त्या ट्रेलरच्या लांब फळ्या) ट्रान्समच्या १८ सेंटिमीटर आधी संपत होते. म्हणजे सव्वादोनशे किलोचं इंजिन ट्रान्समला टांगलेलं, ट्रान्सम हवेत, आणि बंकची टोकं तळाला खालून वर ढोसतायत, बरोब्बर खळगीच्या जागी. वर मी मागचे दोन पट्टे ताकद लावून आवळायचो, म्हणजे ट्रान्सम अजून खाली. आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा म्हणजे एक हातोडा. बोट पाण्यात कमी आणि ट्रेलरवर जास्त राहते हे आपण विसरतो, पाण्यात महिन्याला दहा तास असेल तर ट्रेलरवर सातशे तास.

म्हणून तळाच्या आधी ट्रेलर. बंक लांब केले, ट्रान्समच्या कडेच्या दोन सेंटिमीटर बाहेर येतील इतके, आणि ते स्ट्रेकवर न टेकता सपाट भागावर टेकतील असे आतबाहेर सरकवले. विंचचा खांब पुढं घ्यावा लागला तर घ्या, पण ट्रेलरच्या जिभेवरचं (गाडीला जोडायच्या टोकावरचं) वजन परत तपासा, नाहीतर गाडीमागं ट्रेलर शेपूट हलवतो. रोलरवाल्या ट्रेलरला हा त्रास जास्त, कारण सगळा भार चार-सहा बिंदूंवर.

मग भरणी. आधी सॉल्व्हंटनं वॅक्स पुसून काढायचं, मग घासायचं. उलट केलं तर वॅक्स घासून आत जातं आणि भरणी पुढं पापुद्र्यासारखी सुटते. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मास्क लावून, ही धूळ फुफ्फुसात गेलेली चांगली नाही. गाडीच्या टिंकरिंगची पॉलिएस्टर लांबी पाण्याखाली अजिबात वापरू नका, ती पाणी पिते. इपॉक्सीत सिलिकाची पावडर घालून लोण्यासारखं घट्ट मिश्रण करायचं आणि खळगीत थोडं जास्तीच भरून सरळ पट्टीनं ट्रान्समकडून पुढं ओढायचं. वाळलं की वर मेणचट थर येतो तो पाण्यानं आणि खरखरीत स्पंजनं धुवायचा, न धुता दुसरा थर दिला की गेलं काम. मग लाँगबोर्ड, म्हणजे लांब फळीवर चिकटवलेला पेपर, तिरका एकदा या बाजूनं एकदा त्या बाजूनं. हातातला छोटा सँडर इथं वापरला की लाटा तयार होतात, डोळ्याला दिसत नाहीत पण पट्टीला दिसतात. वर काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारायचा, घासल्यावर जिथं काळं राहील तिथं अजून खड्डा आहे. मला चार फेऱ्या लागल्या, खांदे भरून आले. दोन्ही बाजूंना फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणली. जेलकोट (फायबरचा चकचकीत वरचा थर) इपॉक्सीवर नीट धरायची भानगड असते म्हणून मी इपॉक्सी प्रायमर आणि वर कडक रंग दिला.

त्याच वेळी कडा. बोट साच्यातून सहज निघावी म्हणून ट्रान्समची खालची कड बऱ्याचदा गोल ठेवलेली असते, किंवा घासून घासून गोल होते, आणि पाणी गोल कडेला चिकटून वर वळतं, तेवढा मागं ओढ. मला वाटतं या एका कामात मेहनतीच्या मानानं सगळ्यात जास्त फायदा आहे. टेप लावून बांध घालायचा, इपॉक्सी भरायची, आणि कड चौकोनी टोकदार करायची, नखाला लागेल इतकी. शेवटच्या दीड मीटरमधल्या चाइन (तळ आणि बाजू मिळतात ती कड) आणि स्ट्रेकच्या कडा पण तशाच. स्ट्रेकचं कामच पाणी तोडून बाजूला फेकणं आहे, गोल झालेला स्ट्रेक पाणी वर चढू देतो.

पॉलिशबद्दल थोडक्यात. लोक तळाला वॅक्स लावून आरसा करतात आणि पाणी मोत्यासारखं घरंगळतं म्हणून खूश होतात. तळाला टेकलेला पाण्याचा अगदी पातळ थर काहीही केलं तरी तळासोबतच ओढला जातो, प्रश्न असतो खरखरीतपणाचा. इंग्रज इंजिनिअर विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टाकीत वार्निश लावलेल्या, कापड लावलेल्या, वाळू चिकटवलेल्या फळ्या ओढून हे मोजून ठेवलंय, वाळूवाल्या फळीला वार्निशच्या जवळजवळ दुप्पट घर्षण. म्हणून शेवाळ, शंख, अँटीफाउलिंगचे (शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या रंगाचे) जाड थर, फुगलेले फोड, हे काढा. ४०० नंबरनं ओलं घासलेला सपाट तळ मला पुरेसा वाटतो. लाटेसारखा तळ आरशासारखा चमकवला तर तो चमकदार लाटेसारखा तळ होतो, बस.

सेटअप सगळ्यात शेवटी, कारण तळ बदलला की आधीचं सेटिंग रद्द. हुक होता तेव्हा मी इंजिन (ट्रान्समवर बसवायच्या बोल्टचं) एक भोक वर नेलं होतं त्यानं फरक पडला नव्हता, आता तेच एक भोक (१९ मिमी) अजून वर नेलं तर बोट बदललीच. प्लेनवर असताना अँटीव्हेंटिलेशन प्लेट (इंजिनाला प्रॉपच्या वर असलेली आडवी पट्टी) पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम शिवत जायला हवी. एका वेळी एकच भोक, आणि पाण्याच्या प्रेशरचा मीटर नसेल तर हा खेळ करूच नका, थंड करायचं पाणी ओढणारा इनलेट हवेत आला की इंजिन शिजतं. वळताना प्रॉप हवा पकडायला लागला की एक भोक परत खाली. पिचला हात सगळ्यात शेवटी लावा, एक इंच पिच म्हणजे साधारण १५० ते २०० आरपीएम. माझ्या इंजिनाची रेंज ५००० ते ६०००, नवीन तळावर ५८५० आला म्हणून २१ चाच ठेवला.

पहिल्या रनला ट्रिम आउट केलं आणि नाक उचललं, अगदी सावकाश, आणि फवारे मागं मागं सरकत गेले. ५८५० ला ९३ किमी/तास, स्लिप १३ टक्के, क्राउचचा आकडा २१०. पण एक नवीन पाहुणा आला, ८८ च्या वर बोट डावी-उजवी झुलायला लागली, याला चाइन वॉक म्हणतात. तळ कमी ओला म्हणजे आधार पण कमी, ती आता बारक्या पायावर उभी आहे. स्टिअरिंगमधला ढिलेपणा काढला, बॅटरी दुसऱ्या बाजूला नेली, बरंच कमी झालं, उरलेलं स्टिअरिंगला छोटे छोटे धक्के देत सांभाळावं लागतं आणि ते शिकायला मला महिना लागला. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी पायाला आणि लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय हे शिकू नका, आणि झुलणं वाढायला लागलं तर थ्रॉटल एकदम न सोडता हळू कमी करा.

या सीझनच्या शेवटी परत पट्टी लावली. डावीकडं अर्धा मिमी, उजवीकडं त्याहून थोडं कमी, म्हणजे भरणी केली तेव्हा होतं तेच. जीपीएसवर ९२.५. अर्धा किमी कुठं गेला ते मला माहितीये, बोटीच्या पुढच्या कप्प्यात परत एक जास्तीचा अँकर येऊन बसलाय.